वाढप मोठ्याने

आमच्या प्राणिसंग्रहालयात रोज सकाळी सहा वाजता हजेरी होते. हजेरी प्राण्यांची असते, पण हजर माणसंच राहतात. प्राणी तेव्हा झोपलेले असतात, आणि त्यांना कुणी काही बोलत नाही.

ही हजेरी स्वयंपाकघरात होते. प्राण्यांच्या स्वयंपाकघरात म्हणजे. माणसांचं उपाहारगृह वेगळं आहे आणि तिथल्या भाज्या इतक्या ताज्या नसतात. लांबलचक शेड, पत्र्याची टेबलं, दोन मोठे काटे, एका टोकाला शीतखोली, मधोमध पाणी जायला नाली. नालीच्या एका बाजूला सतरा वाढपी आपापल्या बादल्या घेऊन रांगेत उभे राहतात. दुसऱ्या बाजूला, फळांच्या उपड्या खोक्यावर, माझी मावशी उभी राहते आणि वाचते. कोण, काय, किती. ज्याचा प्राणी असेल तो वाढपी तेच परत म्हणतो, बादली भरतो, "घेतलं" म्हणतो. मग पुढचा. मोठ्याने म्हटल्याशिवाय आमच्याकडे मुंगीखाऊलासुद्धा काही मिळत नाही.

मावशी खरोखर माझी मावशी आहे, आईची थोरली बहीण. पण तिला सगळेच मावशी म्हणतात, संचालक मॅडमसुद्धा, त्यामुळे आमचं नातं आपोआप लपून राहतं. ती स्वयंपाकघराची मुख्य, एकतीस वर्षं. मी वरच्या मजल्यावर संगणक विभागात, दोन वर्षं. विभागात मी आणि एक पंखा. पंखा सीनियर.

माझं मुख्य काम 'वाढप' सांभाळणं. वाढप हा एक जुना प्रोग्राम. काळ्या पडद्यावर 'वाढप' असं टाइप करायचं, बटण दाबायचं, की त्या दिवशीची यादी येते. एका प्राण्याला एक ओळ. उदाहरणार्थ:

हत ०२ ०९०.०० ०३५.०० ०१२.०० ०००.०० १

म्हणजे दोन नंबरची हत्तीण, सुका चारा नव्वद किलो, भाज्या पस्तीस, फळं बारा, मांसमच्छी शून्य, आणि शेवटचा एक म्हणजे औषध द्यायचंय. हे मला कळायला दीड आठवडा लागला होता. मावशीला कधीच वेळ लागला नाही, कारण एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या खुर्चीत बसणाऱ्या काकांनी हा प्रोग्राम लिहिला तेव्हा संग्रहालयात नऊ प्राणी होते. नऊ ओळी कुणालाही वाचता येतात. आता एकशे बारा आहेत.

एकशे बारा ओळी, सगळ्या एकसारख्या, शून्यांनी भरलेल्या. मावशी एक ओळ वाचते, मान वर करून बादलीत काय पडतंय ते बघते, आणि डोळे परत कागदावर आणते. परत आलेले डोळे दर वेळी त्याच घरी उतरतील याची खात्री नाही. त्या महिन्यात तीनदा ते शेजारच्या घरी उतरले. साळिंदराला जिराफाचा चारा गेला. साळिंदराने तक्रार केली नाही, जिराफाने केली.

संचालक मॅडम स्वतः खाली आल्या. अतिशय सभ्य बाई. वाईट बातमी देताना आधी चहा विचारतात.

"मावशी, शुक्रवारी मी वाचनाला उभी राहणार आहे. एकही चूक नको. झाली, तर सोमवारपासून वाचन बंद. यंत्रातून चिठ्ठ्या निघतील, बादलीवर चिकटवायच्या, संपलं."

"आणि मी?"

"दाराजवळच्या भेटवस्तूंच्या खिडकीत जागा आहे. रबरी मगरी, टोप्या वगैरे. बसून काम आहे, मावशी."

"एकतीस वर्षं मी खऱ्या मगरीला मांस वाढलं, मॅडम. आता रबरी विकू?"

"त्या चावत नाहीत," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या परीने त्या धीर देत होत्या.

मावशी त्या दिवशी घरी आली आणि माझ्या आईशी एक शब्द बोलली नाही. या दोघी बहिणी एकमेकींशी न बोलता राहू शकतात हे मला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, "मावशी, यादी मी सुधारतो. तू बघच."

"सुधार," ती म्हणाली. "बिघडवू नकोस म्हणजे झालं."

मी शनिवार-रविवार बसून यादी सुधारली. 'हत'च्या जागी संपूर्ण नाव. वर ठसठशीत मथळे. दोन ओळींच्या मध्ये आडव्या रेघा. चाऱ्याला हिरवा रंग, मांसाला लाल, औषधाला निळा. आणि सगळ्यात खाली, माझी खास भर, बेरीज. 'एकूण' म्हणून एक ओळ, तिच्यापुढे प्राण्यांची संख्या, दिवसाचा सगळा चारा, सगळ्या भाज्या, सगळी फळं, सगळं मांस. मी तिचा फोटो काढून आईला पाठवला. आईने उत्तर दिलं, "छान. कुठल्या गाड्यांचं वेळापत्रक आहे?"

सोमवारी पहाटे ही यादी कामाला लागली.

आता एक गोष्ट मला माहीत असायला हवी होती, आणि ती नव्हती. वाढपची यादी फक्त मावशी वाचत नाही. काकांनी त्या काळी बऱ्याच स्क्रिप्ट लिहून ठेवल्या होत्या. स्क्रिप्ट म्हणजे माणसाने एकदा लिहिलेली आणि यंत्राने रोज मुकाट पाळलेली कामांची यादी. रोज पाच वाजता या स्क्रिप्ट वाढपला हाक मारतात आणि त्याची ओळ न् ओळ वाचतात. एक शीतखोलीला सांगते की मासे किती वितळवायचे. एक चाऱ्याच्या काट्याला सांगते. एक डॉक्टरांची वही भरते, एक झाडूवाल्यांच्या पाळ्या लावते, एक नव्या प्राण्याला पिंजरा देते. त्यांना अर्थाशी काही देणंघेणं नाही. त्या फक्त शब्द मोजतात. पहिला शब्द प्राणी, दुसरा नंबर, तिसरा चारा. मोजून झालं की कामाला लागतात. सरकारी माणसालाही इतकी श्रद्धा जमणार नाही.

मी संपूर्ण नावं दिली होती. 'पांढरा मोर' दोन शब्दांचा, त्यामुळे त्याचे सगळे रकाने एक घर सरकले आणि त्याच्या नशिबी चारा म्हणून त्याचा स्वतःचा नंबर आला. स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्या प्रिंटरला रंगाच्या खुणा हुकूम वाटले. त्याने ते इमानाने पाळत कोरा कागद बाहेर ढकलायला सुरुवात केली आणि चाक तडकेपर्यंत ढकलला. तो दुरुस्तीला गेला.

पण खरं काम केलं ते 'एकूण'ने. तिला मी रंग दिला नव्हता, म्हणून माझ्या यादीतली ती एकमेव ओळ होती जी जुन्या पद्धतीत तंतोतंत बसत होती. पहिला शब्द एकूण. दुसरा, प्राण्यांची संख्या, एकशे बारा. तिसरा, चारा, दोन हजार एकशे चाळीस किलो. स्क्रिप्टना त्यात काहीही वावगं दिसलं नाही. नवा प्राणी आलाय, जरा खादाड आहे, इतकंच.

मी त्या दिवशी लवकर, साडेसातला पोचलो तेव्हा एकूणला चव्वेचाळीस नंबरचा पिंजरा मिळाला होता. त्याच्या सफाईला दोन माणसं लागली होती, आहार बघता रास्तच. पिंजऱ्याबाहेर चाऱ्याच्या आठ ढकलगाड्या रांगेत उभ्या होत्या आणि गाड्यांभोवती वाढपी.

"मांस पण आहे, चारा पण आहे," मासेवाला म्हणाला. "हा नक्की खातो काय?"

"सगळं खातो," हत्तीवाला म्हणाला. "म्हणजे माणूसच असणार."

"एकशे बारा नंबरचा आहे," पक्षीवाली म्हणाली. ती दोनच महिन्यांपूर्वी लागलेली, मुलं कॉलेजात गेल्यावर नोकरी धरलेली बाई, आणि सगळं मनावर घेणारी. "आधीचे एकशे अकरा कुठं गेले?"

मासेवाल्याने पिंजऱ्याची कडी नीट लागली आहे का ते बघितलं.

डॉक्टर सुई घेऊन आले. त्यांच्या वहीत एकूणच्या लसीची तारीख आली होती. "डोस वजनावर असतो," ते मला म्हणाले. "हा आहे कुठे? आणि पकडणार कोण?"

मी वर जाऊन जुना वाढप परत बसवला. आठ वाजता एकूण या जगातून गेला. तीन तास जगला, कुणाला त्रास दिला नाही. त्या दिवशीचं वाचन मावशीने आदल्या दिवशीच्या कागदावरून केलं.

दुपारी मी काकांना फोन लावला. ते निवृत्त होऊन मुलीकडे राहतात.

"काका, तुम्ही स्क्रिप्ट किती लिहिल्यात?"

"अकरा." मग थोडं थांबून, "बारा."

"बारावी काय करते?"

"ते आता आठवत नाही. पण ती बंद पडली की पाणघोडा चिडतो."

"म्हणजे यादीला हातच लावायचा नाही का?"

"लाव की. यंत्रांना कळू देऊ नकोस एवढंच. अरे, त्या बारा जणी माझ्या शब्दावर बसल्यात. तिसरा शब्द चारा, म्हणजे चाराच. तो शब्द मोडायचा नाही."

"आणि मावशीने काय करायचं?"

"प्रोग्रामला एक गोष्ट कळते. आपण लिहितोय ते पडद्यावर जातंय, की दुसऱ्या प्रोग्रामच्या हातात जातंय. पडद्यावर जात असेल तर समोर माणूस बसलाय, त्याला माणसासारखं लिही. नाहीतर जुनं द्यायचं. जमेल?"

जमेल, मी म्हटलं. फक्त माणसासारखं म्हणजे कसं, हे विचारायचं राहिलं. ते मंगळवारी मावशीने सांगितलं.

मंगळवारी मी आयुष्यात पहिल्यांदा सहाच्या वाचनाला गेलो. दोन वर्षं मी या यादीवर पगार घेत होतो आणि ती वाचताना मी कधी बघितली नव्हती, कारण मी नऊला येतो. प्रिंटर नव्हता म्हणून मावशी भिंतीवरच्या पडद्यावरून वाचत होती. शिजणाऱ्या भाज्यांची वाफ पडद्यावर धरत होती, ती बाहीने पुसत होती. वाचून झाल्यावर मी तिला माझी रंगीत यादी दाखवली. म्हटलं, स्क्रिप्टचं बघतो मी, पण दिसायला तर बरी आहे ना?

"हा हिरवा रंग आहे ना," ती म्हणाली, "तो जरा वाचून दाखव."

"म्हणजे?"

"मोठ्याने वाचून दाखव. हिरवा."

मी पडद्याजवळ गेलो, हिरव्यावर बोट ठेवलं.

"ह्या रेघा वाच. हे मथळे. चाळिसाव्या प्राण्याला पोचेपर्यंत तुझे मथळे वर छताला गेलेले असतात. मी डोळ्यांनी वाचत नाही रे बाळा. मी तोंडाने वाचते. आणि हे सतराजण कानांनी वाचतात. तू मला विचारलंस का कधी?"

नव्हतं विचारलं. सुंदर दिसणारी यादी करून मी खूश होतो, आणि ती यादी जगात कुणालाच नको होती. यंत्रांना नको, मावशीला नको. ती फक्त माझ्या आईला आवडली होती, तीही गाड्यांची म्हणून.

मग मी तिच्या शेजारी खोक्यावर बसून तिला वाचायला लावलं आणि ती म्हणेल ते लिहीत गेलो. हत ०२ च्या ओळीला ती म्हणाली, "हत्तीण, धाकटी. सुका चारा नव्वद. भाज्या पस्तीस. फळं बारा. औषध आहे." बस. मी तसंच्या तसं प्रोग्रामला शिकवलं. जे वाढायचं नाही त्याचा उल्लेखच नाही, शून्यं सगळी गेली. अडीच किलोला 'दोन किलो पाचशे', कारण टिंब कुणी उच्चारत नाही. प्रत्येक पाच प्राण्यांनंतर एक मोकळी ओळ, म्हणजे वर गेलेली नजर परत येताना पायरी चुकणार नाही. आणि एक ओळ एका श्वासात संपली पाहिजे. श्वास माझा धरला, कारण मावशीचा बेसुमार आहे. अस्वलाचा आहार वाचताना मी दोनदा निळा पडलो, मग त्याच्या दोन ओळी केल्या.

पडद्यावर ही यादी, स्क्रिप्टना जुनी. बुधवारी मावशीने पडद्यावरून वाचलं, एक चूक नाही. गुरुवारी नाही. मासे बरोबर वितळले, चारा बरोबर मोजला गेला, पाणघोडा शांत. बारा स्क्रिप्टना पत्ता नव्हता की घरात काही बदललंय. मी वर जाऊन पंख्यालाही सांगितलं.

शुक्रवारी मी पावणेसहाला खाली होतो. संचालक मॅडम आल्या. पडताळणीसाठी त्यांनी आदल्या पद्धतीची यादी छापून आणली होती, पेन उघडून धरलं होतं. डॉक्टर आले. वाढपी रांगेत. आणि काट्याशेजारी, ओल्या फडक्याने पुसलेला, प्रिंटर. गुरुवारी संध्याकाळी दुरुस्त होऊन आला होता. मावशीचा चेहरा खुलला होता. तीन दिवस पडद्यासाठी तिला भिंतीकडे तोंड करून वाचावं लागलं होतं, दर ओळीला मागे वळून तिची मान धरली होती.

तिने एकोणीस वर्षांच्या सवयीने टाइप केलं. वाढप, मग उभी दांडी, मग छाप. म्हणजे वाढपने यादी द्यायची ती छापणाऱ्या प्रोग्रामच्या हातात. प्रिंटर खरखरला. कागद बाहेर आला.

हत ०१ ०९५.०० ०४०.०० ०१२.०० ०००.०० ०

मला घाम फुटला, आणि तो वाफेचा नव्हता. यादी पडद्यावर गेली नव्हती. दुसऱ्या प्रोग्रामच्या हातात गेली होती. वाढपने मी शिकवल्याप्रमाणे विचार केला: पडदा नाही, म्हणजे माणूस नाही.

मावशीने कागद बघितला. मग मला. मी जवळ जाऊन कसंबसं सांगितलं.

"म्हणजे याला वाटतंय की मी यंत्र आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

"आजच्या दिवस पडद्यावरून वाच ना."

"त्यांच्याकडे पाठ करून? परवा नाइलाज होता. आज मॅडमसमोर मी सतरा माणसांना पाठ दाखवून वाढणार नाही."

"काही अडचण, मावशी?" मॅडमनी विचारलं.

"छे. सुरूच करतेय." आणि ओठ न हलवता मला, "किती वेळ?"

"चार मिनिटं."

"पहिले नऊ मला या कागदावरही वाचता येतात. दहाव्याला माझ्या हातात दुसरा कागद हवा."

ती खोक्यावर चढली. मी की-बोर्डवर वाकलो. वर पडद्यावरून पाण्याचे थेंब ओघळत होते.

चूक कुठे होती ते मला आता लख्ख दिसत होतं. मी प्रोग्रामला अंदाज करायला शिकवलं होतं. समोर कोण आहे हे त्याने पडदा बघून ओळखायचं. पण समोर कोण आहे हे ज्याला यादी हवी त्याला माहीतच असतं. त्याला सांगू दे की. काही न सांगता मागितलं, तर काकांच्या शब्दाप्रमाणे, जुनी यादी, एक शब्दही इकडचा तिकडे नाही. आणि वाचायची असेल, तर मागताना पुढे एक शब्द जोडायचा. मग ती पडद्यावर जावो, प्रिंटरमध्ये जावो, खड्ड्यात जावो, माणसासारखीच निघेल. शब्द कुठला ठेवायचा यावर विचार करायला वेळ नव्हता. मी 'मोठ्याने' ठेवला.

माझ्या मागे मावशी एवढं सावकाश वाचत होती की तसं सावकाश वाचन त्या शेडने ऐकलं नव्हतं. "हत्तीण... थोरली. सुका चारा... पंच्याण्णव." हत्तीवाल्याने परत म्हटलं. "घेतलं." मावशी वाचनात कधी इकडचं तिकडचं बोलत नाही. त्या दिवशी तिने हत्तिणीच्या नखांची चौकशी केली.

"नखं?" हत्तीवाला म्हणाला.

"कापली का?"

"कापली, मावशी. मंगळवारी."

"चारही पायांची?"

हत्तीवाला मुरलेला माणूस. त्याने माझ्या पाठीकडे बघितलं असणार, कारण तो एकेका पायाबद्दल सांगू लागला. पुढचा डावा कसा, मागचा उजवा कसा. मॅडमनी पेन टेकवून हेही टिपून घेतलं.

सातवा प्राणी. माझं बोट घसरलं, एक ओळ परत लिहिली. आठवा. नववा कासव, त्याचा वाढपी मुळातच संथ. "घेतलं" त्याने म्हणावं आणि मी टाइप करावं: वाढप मोठ्याने, उभी दांडी, छाप. प्रिंटर खरखरला. मी कागद फाडला, मावशीने मागे न बघता हात केला, आणि दहावा प्राणी ती पूर्ण आवाजात म्हणाली. "झेब्रा, कळप. सुका चारा साठ. भाज्या अठरा."

यानंतर ती जे वाचत गेली ते मला वर्णन करता येणार नाही, पण मी प्रयत्न करतो. गाडी खडीवरून डांबरी रस्त्याला लागली. ओळ, श्वास, मान वर, बादली, मान खाली, ओळ. मोकळ्या ओळीला ती किंचित थांबायची, नालीपलीकडचे सतरा जण त्या थांब्यावर पाय बदलायचे. मॅडमचं पेन त्यांच्या शून्यांच्या यादीवरून खाली सरकत होतं, दर ओळीला टिक, दर ओळीला टिक. दोन्ही कागदांवर आकडे तेच होते.

ब्याऐंशीव्या ओळीला मावशी म्हणाली, "पाणमांजर, जोडी. मासे तेवीस किलो."

कुणीच परत म्हटलं नाही.

मॅडमनी पेन उचललं. मासेवाला रिकामी बादली घेऊन उभा. "मावशी... तेवीस?"

"कागदावर तेवीस आहे."

"नवरा-बायको मिळून तेवीस किलोची नाहीत ती."

मी गुपचूप मॅडमच्या कागदात डोकावलो. तिथेही ०२३.००. म्हणजे वाढपने बरोबर दिलं होतं, मावशीने बरोबर वाचलं होतं. सगळ्यांच्या नजरा हळूहळू डॉक्टरांकडे गेल्या, कारण आकडे ते भरतात. डॉक्टरांनी वही उघडली, मिटली.

"दोन किलो तीनशे," ते म्हणाले. "टिंब राहिलं माझं."

"दोन किलो तीनशे," मासेवाला म्हणाला, मोठ्याने. "घेतलं."

मॅडम त्यांच्या कागदाकडे बघत होत्या. त्या ओळीसमोर आधीच टिक होती. "हे मला दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "मी तर बरोबर म्हणून खूण केली."

"दिसायचं नाहीच ते, मॅडम," मावशी म्हणाली. "ऐकू यायचं. पुढचा."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. उरलेले तीस प्राणी त्यांनी नुसते ऐकले. शेवटच्या "घेतलं"नंतर बादल्या बाहेर पडू लागल्या तेव्हा त्या मावशीपाशी आल्या. मी भाजीच्या टेबलामागे उभा, टोमॅटोशी काम असल्यासारखा.

"चिठ्ठ्यांचं रद्द," त्या म्हणाल्या. "चिठ्ठीला कुणी 'तेवीस?' असं विचारणार नाही."

"आणि मगरी?"

"मगरी बघेल दुसरं कुणीतरी." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मधेच काहीतरी टाइप करत होतात."

"एक शब्द, मॅडम. तो लिहिला नाही तर काहीच बदलत नाही."

"मग त्यात तुम्ही केलंत काय?"

"तेच, काहीच न बदलणं," मी म्हटलं. आयुष्यात याहून अभिमानाचं उत्तर मी दिलेलं नाही. त्या 'बरं' म्हणून गेल्या.

वीस किलो सातशे ग्रॅम मासे मात्र पाचलाच वितळले होते, आणि वितळलेले मासे परत गोठवत नाहीत. पेलिकनांचा तो दिवस फार छान गेला.

काकांना फोन केला. सगळं ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं. "काही न सांगता मागितलं तर जुनीच येते ना?"

"जुनीच. शब्दाला शब्द. बारा जणींना कळलंसुद्धा नाही."

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मुलीला देतो हं फोन," आणि मुलीला आणि मला दहा मिनिटं हवापाण्यावर बोलावं लागलं.

शनिवारी मी पुन्हा सहाला गेलो. आता सवयच लागली होती. मावशीने यादी छापली, फाडली, खोक्यापाशी गेली आणि कागद पक्षीवालीच्या हातात दिला.

"मी?" पक्षीवाली म्हणाली. "मला दोन महिने पण झाले नाहीत, मावशी. मला यातलं काय कळतं?"

"वाचता येतं ना? मग वाच."

"चुकले तर?"

"हे बाकीचे सोळाजण काय बादल्या वाजवायला आहेत?"

मावशी दाराबाहेर आली आणि भिंतीला टेकून बाकावर बसली. मीही बसलो. आत खोकं करकरलं. मग एक बारीक आवाज आला, "हत्तीण, थोरली," आणि हत्तीवाल्याचा दणदणीत. मग धाकटी हत्तीण. मग घोडे. विसाव्या प्राण्याला तो आवाज बारीक राहिला नव्हता. मावशी डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत नव्हते, बोटं मात्र मांडीवर मोजत होती. पन्नास झाले. साठ झाले. ती एकदाही उठली नाही.

"चांगली वाचते," मी म्हटलं.

"जरा घाई करते."

"तुझ्यापेक्षा सावकाश वाचतेय."

"सावकाश वाचायची घाई करते," मावशी म्हणाली. "पण ओळ नाही चुकली एकसुद्धा. पहिल्याच दिवशी." आणि असा चेहरा केला जसं काही एकशे बाराच्या एकशे बारा प्राण्यांना तिने एकटीने जन्म दिलाय. मग पदराच्या टोकात गुंडाळलेलं एक सफरचंद काढलं, अर्धं मला दिलं. आत पक्षीवाली अस्वलापर्यंत पोचली होती, आणि आम्ही दोघंही, चावायचं थांबवून, तिचा श्वास पुरतो का ते ऐकू लागलो.